आठल्येबाई आणि त्या डांबरगोळ्या

कुमुद आठल्ये गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात माझ्या टेबलाशी एका जुन्या प्रबंधाची पानं तपासत बसले होते. फोन त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कल्याणच्या सुधाताईंचा. "काल दुपारी गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तुमच्या कॉलेजात कळवाल का?" मी हो म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि... मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला हात धजत नाही. पण खरं लिहायचं नसेल तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आता कोणाला काही सांगायला नको, असं वाटलं. ते वाटणं फार तर मिनिटभर टिकलं असेल. मग लक्षात आलं, जे सांगायचं राहिलं होतं ते ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते आता नव्हतं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयात बाई वीसेक वर्षं ग्रंथपाल होत्या. कॉलेजात शोकसभा झाली, भाषणं झाली, बाईंच्या शिस्तीचे किस्से सांगून झाले. बोलायला माझंही नाव पुकारलं होतं. मी उठले, "बाईंनी मला घडवलं," एवढं म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. कंठबिंठ काही दाटला नव्हता, मी घाबरले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी बाईंशी खोटं बोलले होते. दोनच शब्दांचं खोटं, "नाही, बाई." त्यापायी बाईंचं काम गेलं आणि माझं राहिलं. हे मी आजवर घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही, ते आज या पुरवणीत लिहायला बसले आहे.

मी मूळची कोपरच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावची. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होडी आणि जाळं. वडिलांच्या उतारवयात खाडीत मासळी राहिली नाही तशी होडी उलटी घातली गेली आणि आम्ही जवळच्या दिवा गावी भाड्याच्या खोलीत आलो. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. दोन भावंडं शिकत होती, वडील दम्याने बसून होते. अशात मी बी.ए. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि ऐंशीचं दशक संपता संपता या ग्रंथालयात हंगामी लिपिक म्हणून लागले. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी नवा कागद. तो कागद ज्यांच्या शेऱ्यावर निघायचा त्या आठल्येबाई. आधीच मी भित्री. दारात पोस्टमन आला तरी मी आतल्या बाजूला पळे. त्यात बाई म्हणजे उंच, नाकावर चष्मा, पांढरी सुती साडी आणि बोलणं असं की समोरच्याने आपलं वाक्य पुरं करायच्या आत ते किती चुकलंय हे त्याला कळावं. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की प्राध्यापकमंडळीसुद्धा वर्तमानपत्रं नीट घडी घालून ठेवायची.

बाईंची ख्याती होती ती त्यांच्या स्मरणाची. कोणी पुस्तक मागितलं तर त्या सूचीच्या खणाकडे वळत नसत. "तिसरं कपाट, खालून दुसरा खण, निळी बांधणी. शेवटची चार पानं सुटली आहेत, जपून," असं म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागत. ती पानं कोणत्या साली कोणत्या विद्यार्थ्याच्या हातून सुटली तेही त्यांना ठाऊक असे आणि तो विद्यार्थी आता स्वतः प्राध्यापक होऊन समोर उभा असला तरी त्या ते बोलून दाखवत. एकदा एका नव्या सरांनी पैज म्हणून वीस पुस्तकांची नावं विचारली. बाईंनी वीसही जागा सांगितल्या आणि वर म्हणाल्या, "एकविसावं तुमच्याकडे आहे. गेल्या जूनपासून." सगळे हसले, सर सोडून. आपली आठवण चुकू शकते हा विचारच त्या बाईंना कधी शिवला नसावा. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

नव्वद साल उलटलं आणि विद्यापीठाने ठरवलं की प्रबंध, जुने अहवाल, जिल्ह्याचे कागद हे सगळं संगणकात घालायचं. पुढे कुठल्याही गावच्या कुठल्याही अभ्यासकाला ते एका जागी मिळावं हा उद्देश. आता याला मोठमोठी नावं आहेत, तेव्हा आम्ही नुसतं "संग्रह" म्हणायचो. ठाणे जिल्ह्याचा भाग आमच्या कॉलेजकडे आला, कारण आमच्याकडे एक रिकामी खोली होती आणि बाई होत्या. संगणक आला त्या दिवशी प्राचार्यांनी नारळ फोडला, तोही बाहेर व्हरांड्यात, पाणी यंत्रावर उडू नये म्हणून. खोलीला जाड पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम झाला. देवनागरी अक्षरं उमटावीत म्हणून यंत्रात एक वेगळं कार्ड बसवलं होतं. संगणकाच्या पोटात जागा फार थोडी, त्यामुळे टंकलेलं सगळं फ्लॉपीवर उतरवायचं. पापडाएवढ्या त्या काळ्या चकत्या, कागदी पाकिटात घातलेल्या. इंजिनियरने बजावलं होतं की प्रत्येकीच्या दोन प्रती करा. आम्ही इमानेइतबारे दोन प्रती केल्या आणि दोन्ही एकाच लोखंडी कपाटात ठेवल्या. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक बाईंकडे, एक माझ्याकडे.

बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. माऊस नव्हताच, सगळ्या आज्ञा टाइप करायच्या. त्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि दोन दिवसांत पाठ केल्या. मी मात्र त्या यंत्राला जाम टरकायचे. बटण चुकलं तर सगळं पुसलं जाईल, वीज गेली तर सगळं पुसलं जाईल, आणि वीज तर रोज जायची. एकदा मी घामाघूम होऊन बसले असताना बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, भीती मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "कागद फाटला तर तुकडे तरी हातात राहतात. इथे काय राहतं?" बाई असं काही बोलतील असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्यांचा धाक राहिला तो राहिलाच, पण मायाही वाटायला लागली. त्यांनी शाबासकी द्यावी म्हणून मी काहीही केलं असतं, आणि नेमकं तेच नडलं.

प्रबंध टंकून होत आले तेव्हा बाईंनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. त्या म्हणाल्या, "खाडीकाठच्या गावांवर लोकांनी प्रबंध लिहिलेत, ते आपण ठेवतोय. त्या गावच्या माणसांचं स्वतःचं बोलणं कुठे आहे?" मग आम्ही दोघी शनिवारी दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन निघायचो. माझ्या ओळखीने दारं उघडायची. मिठागरं कशी चालत, कुठल्या भरतीला कुठली मासळी लागे, बायका टोपल्या घेऊन कुठवर चालत जात... एरवी कोणाला बोलू न देणाऱ्या बाई तिथे ओटीवर मांडी घालून तासन् तास ऐकत बसायच्या. माझ्या आईची मावशी हिरूमावशी, नव्वदीला टेकलेली. ती पहिल्या दिवशी टेपरेकॉर्डरकडे बघून मला म्हणाली, "आमचा बोलना तुज्या पेटीन ठेवून काय व्हनार गो?" बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नसाल तेव्हाही पोरांना ऐकायला मिळेल." मावशी मग तीन शनिवार बोलली. गावच्या एकूण एक पाणवठ्याचं नाव तिने सांगितलं. त्यातले निम्मे बुजून वर इमारती झाल्या होत्या.

कॅसेट मात्र कॉलेजने मोजून सहा दिल्या होत्या. मागणी केली तर उत्तर आलं की संगणक असताना कॅसेट कशाला. त्यामुळे आमची पद्धत अशी पडली की सोमवारपासून मी ऐकून टंकायचं, बाईंनी ताडून बघायचं, फ्लॉपीच्या दोन प्रती करायच्या आणि कॅसेट पुसून पुढच्या शनिवारी पुन्हा वापरायची. काटकसर आम्हा दोघींच्याही हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटलं नाही. हिरूमावशीच्या आवाजावर दुसऱ्याच कोणाचा आवाज चढला, त्याच्यावर तिसऱ्याचा. मावशी त्याच पावसाळ्यात गेली. मी बाईंना म्हटलं, "बरं झालं, आपण लिहून ठेवलं."

आता त्या डांबरगोळ्या. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून बाई दर मोठ्या सुट्टीआधी प्रत्येक कपाटात गोळ्या ठेवत. बाजारात मिळतात तशा नुसत्या नाहीत. जुन्या मलमलीचा चौकोन कापायचा, त्यात चार गोळ्या, वर हिरव्या दोऱ्याचे तीन वेढे आणि एक विशिष्ट गाठ, जी ओढली की घट्ट होते आणि उलटी ओढली की सुटते. ती गाठ बाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवली. मला जमेपर्यंत पंधरा वेळा सोडून दाखवली होती. त्या दिवाळीच्या सुट्टीआधी पाऊस लांबला होता, भिंतींना ओल होती. शेवटच्या दिवशी बाई घाईने लवकर गेल्या. त्यांची आई घरी अंथरुणाला होती, याहून जास्त आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. पुस्तकांच्या कपाटांचं सगळं करून झालं तरी माझ्याकडे गोळ्या उरल्या होत्या. मला वाटलं, आपल्या या सगळ्यात मौल्यवान कपाटालाच काही नाही. मी खणाखणात पुरचुंड्या ठेवल्या, जरा जास्तच ठेवल्या, आणि दार घट्ट लावून घेतलं. सुट्टीनंतर बाई उघडतील आणि म्हणतील, वा रंजना. हे ऐकण्यासाठी मी ते केलं. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं तर मुळीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी पहिल्या दिवशी मीच आधी पोचले. कपाट उघडलं तसा वासाचा असा लोट आला की डोळ्यांना पाणी सुटलं. ऑक्टोबरच्या उन्हात लोखंडी कपाट तापलं होतं आणि गोळ्या विरून हरभऱ्याएवढ्या राहिल्या होत्या. फ्लॉपींच्या पाकिटांवर, काळ्या कव्हरांवर बारीक चकचकीत कण बसले होते. मी एक फ्लॉपी फडक्याने पुसली, यंत्रात घातली. कर्र कर्र आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की वाचता येत नाही. दुसरी घातली, तिचंही तेच. मग मी घाबरून एकामागून एक घालत सुटले. पहिली प्रत नाही तर दुसरी, हा खण नाही तर तो. पुढे इंजिनियरने सांगितलं की माझ्या या घालण्यानेच जास्त नुकसान झालं. चकतीवरचे कण आतल्या सुईसारख्या भागाला चिकटले आणि पुढच्या धडधाकट चकत्यांवर ओरखडे काढत गेले. "मॅडम, ये गोली का गॅस प्लास्टिक को खा जाता है," तो म्हणाला होता, "बुक के लिए ठीक है, इसके लिए जहर." पण ते नंतर. त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की जिन्यात चपलांचा आवाज येतोय.

बाईंनी काय पाहिलं हे मला कधीच नीट सांगता येणार नाही. उघडं कपाट, टेबलावर पसरलेल्या फ्लॉपी आणि खुर्चीत मी. त्यांनी एक पुरचुंडी उचलली, चष्मा वर करून गाठ पाहिली. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. दिव्याची खोली डोळ्यांपुढे आली, वडिलांची धाप ऐकू आली. सहा महिन्यांचा माझा कागद त्याच आठवड्यात निघायचा होता. बाई ओरडल्या असत्या तर कदाचित मी रडत कबूल केलं असतं. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रंजना, या तू ठेवल्यास का गं?"

"नाही, बाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी जमिनीकडे. मग त्यांनी ती पुरचुंडी पदरात धरली आणि खुर्चीत बसल्या. त्या दिवशी पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

महिन्याभरात विद्यापीठाची समिती आली. लांब टेबल, चार माणसं, एका बशीत तशीच राहिलेली बिस्किटं. प्रबंधांच्या मूळ प्रती होत्या, ते काम पुन्हा करता येणार होतं. खाडीकाठच्या बोलण्याचं मात्र काहीच उरलं नव्हतं. कॅसेट का पुसल्या यावर बाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मग एका सदस्याने ती पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही कोणी ठेवली? मी दाराशी फाइल धरून उभी होते. बाई म्हणाल्या, "गाठ माझी आहे. मी ठेवल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, देवा, यांनी मला वाचवलं. सगळं ठाऊक असून, माझं खोटं ओळखून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. इतकी वर्षं मी हेच मानत आले. त्या उपकाराचं ओझं वाहिलं, त्याबद्दल मनातल्या मनात त्यांना हात जोडले, आणि खरं सांगायचं तर त्या मोठेपणाच्या आडोशाला निवांत बसूनही राहिले.

संग्रहाचं काम बाईंकडून काढून घेतलं गेलं. निवृत्तीला अजून अवकाश होता, पण त्यांनी स्वतःहूनच वेळेआधी निवृत्ती घेतली. जाताना माझ्या कागदावर त्यांनी शेरा लिहिला, "विश्वासू." मी कायम झाले. पुढे संगणक बदलले, नव्या चकत्या आल्या, संग्रह माझ्याच हाताखाली आला. बाई डोंबिवलीला राहायच्या, मी दिव्याला, मध्ये अंतर ते किती. मी एकदाही गेले नाही. कॉलेजात कोणी त्यांचं नाव काढलं की मी काहीतरी शोधायच्या निमित्ताने उठायचे. मग एक दिवस एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले, आठल्येबाईंनी दिलीय म्हणाले. आत शाळकरी वह्या होत्या. बाई निवृत्तीनंतर एकट्या गावोगाव फिरून, उन्हातान्हात, त्याच माणसांकडून ते सगळं पुन्हा लिहून घेत होत्या. बाईंचं ते सरळ, टपोरं अक्षर. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव आणि खाली "पुन्हा विचारले." दर चार-सहा महिन्यांनी पिशवी यायची, मी टंकायचे. मधली काही पानं कोरी असत. वर नुसतं नाव, ते माणूस आता नाही म्हणून. एका वहीत हिरूमावशीचं पान होतं. ते मी तीन वेळा उलटलं, पण कोरं पान कसं टंकणार?

त्या पानामुळेच मला धीर आला, किंवा राहवलं नाही म्हणा. गेल्या वर्षी एका रविवारी मी कोपरहून रिक्षा करून त्यांच्याकडे गेले, सगळं सांगून टाकायचं म्हणून. वाटेत वाक्यं जुळवली होती. बाईंनी दार उघडलं. वाळल्या होत्या, पण साडी तशीच, चष्मा तसाच. मला बघून खरंच आनंदल्या. चहा टाकला, चहा घेतला, आणि बोलता बोलता उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या. पाच मिनिटांनी पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मी विचारलं, "काही हवंय का, बाई?" "गॅस बंद केलाय का बघते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, वय झालं. संग्रहाचं काय चाललंय ते त्यांनी बारकाईने विचारलं. मी सांगितलं, आता दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवतो. त्या म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तुझ्या हातून चुका होत नाहीत."

मला तो टोमणा वाटला. इतक्या वर्षांनी, इतक्या शांतपणे मारलेला. जुळवलेली सगळी वाक्यं तशीच ठेवून मी काहीतरी कारण सांगून उठले. बाई दारापर्यंत आल्या, मी जिना उतरत असताना वरून कडीचा आवाज आला. लागली, निघाली, पुन्हा लागली. मी पायांना वेग दिला. तीच आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर मी सुधाताईंना भेटायला बाईंच्या त्याच घरी गेले. त्या सामान आवरत होत्या. कॉटखालून त्यांनी वह्यांचा गठ्ठा ओढला. मला वाटलं, गावांच्या वह्या असतील. तसं नव्हतं. पानापानावर आखलेले रकाने: दूध तापवलं, गॅस बंद, नळ बंद, कडी, औषध, किल्ली पाकिटात. प्रत्येकापुढे वेळ आणि बारीक खूण. रोजचं एक पान, वर्षानुवर्षं. "आमच्या आईला विसर पडला होता," सुधाताई म्हणाल्या. "शेवटी तर पोटच्या पोरींना ओळखेना. कुमुदने सात वर्षं केलं तिचं. तिला एकच धास्ती होती, आपलंही तसंच होणार. कॉलेजात काहीतरी गोळ्यांचं झालं ना, तेव्हापासून तर तिने स्वतःवर भरवसाच ठेवला नाही. मी तिला दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनी तपासून सांगितलं, तुमची आठवण आमच्यापेक्षा चांगली आहे. घरी आली की म्हणायची, मग त्या गोळ्या? मी स्वतःच्या हाताने ठेवल्या आणि मला आठवतच नाहीत, त्याचं काय?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. कोणी मला वाचवलं नव्हतं. बाईंना माझं खोटं कळलंच नव्हतं. मी जिला इतकी वर्षं मोठेपणा म्हणत आले ती त्या बाईची धडधडीत भीती होती आणि ती माझ्या दोन शब्दांनी त्यांच्या घरात शिरली होती. त्या रविवारी त्यांनी मला टोमणा मारला नव्हता, त्यांना माझा हेवा वाटत होता. मी सुधाताईंना सांगितलं. सगळं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. वह्यांवरची धूळ पुसत म्हणाल्या, "हे तुम्ही मला काय सांगताय? तिला एकदा सांगायचं होतं. झोपली असती हो ती."

मग त्यांनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची वही काढली, पहिली, आणि माझ्यापुढे ठेवली. त्यात अजून रकाने नव्हते. त्या दिवाळीआधीचे दिवस होते, वार घालून, एकेक दिवस आठवून लिहिलेले. अमुक वारी किती वाजता आले, कोणत्या कपाटात कुठल्या खणात पुरचुंडी ठेवली, कोण भेटायला आलं, किती वाजता निघाले. शेवटच्या दिवशी आईसाठी लवकर निघाले ती वेळसुद्धा. सगळं बरोबर होतं. मी तिथे होते, मला माहीत आहे, एका मिनिटाची चूक नव्हती. प्रत्येक दिवसाच्या खाली एकच ओळ: "फ्लॉपीचं कपाट उघडलं नाही." अकरा दिवस, अकरा वेळा. आणि त्याच्या खाली, त्याच सरळ, टपोऱ्या अक्षरात:

"रंजनाला विचारलं. नाही म्हणाली. ती खोटं बोलणार नाही. म्हणजे मीच."